मरणोत्तर बढती

सरकारी नोकरीत बढती मिळायला काय लागतं ते नोकरी केलेल्या कुणालाही विचारा. ज्येष्ठता लागते, रिकामी जागा लागते, साहेबाची मर्जी लागते आणि हे सगळं जमून आलं की नेमकी निवृत्तीची तारीख येते. मेलेल्या माणसाला यातलं काहीच लागत नाही. तो दर पिढीला एकेक पायरी आपोआप चढत जातो. मुलगा सांगतो, "वडील मामलेदार कचेरीत होते." नातू सांगतो, "आजोबा मामलेदार कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते." पणतूच्या तोंडी ते मामलेदारच होतात आणि खापरपणतू लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याला सांगतो, "आमच्या खापरपणजोबांसमोर कलेक्टर उभा राहायचा." राहतही असेल. कचेरीत खुर्ची एकच असेल.

या बढतीचा वेग सगळ्यात जास्त कुठे असेल तर तो इंग्रजी फौजेच्या दवाखान्यात. हयातभर पलटणीला एरंडेल पाजलेला माणूस तीन पिढ्यांत सर्जन-जनरल होतो. असे दोन सर्जन-जनरल माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत. एक आमच्या दादाकाकांचे पणजोबा, म्हणजे पर्यायाने माझेही कुणीतरी. दुसरे आमच्या तळमजल्यावरच्या आँटींचे. दादाकाका सदाशिव पेठेतले, बँकेतून निवृत्त. आँटी पुणे कॅम्पातल्या जुन्या अँग्लो-इंडियन, रेल्वेतून निवृत्त. दोघांची ओळख माझ्या घरी झाली आणि पहिल्याच चहाला दोघांचे पणजोबा समोरासमोर आले.

"आमचे पणजोबा इंग्रजांच्या फौजेत सर्जन होते," काका म्हणाले.

"माझा पण," आँटी म्हणाल्या. "मोट्टा सर्जन. गोरा पलटनचा."

काकांनी बशी खाली ठेवली. "आमचे पुढे सर्जन-जनरल झाले."

"माझा पण," आँटींनी दुसरं बिस्कीट उचललं.

मुंबई इलाख्याच्या फौजेला इतके सर्जन-जनरल एकाच वेळी परवडले नसते, एवढं मला न शोधताही कळत होतं. पण तसं बोलून दाखवायची सोय नव्हती. "तुला कॉम्प्युटर येतो ना, मग शोध," असं दोघांनीही एकदम सांगितलं. आपल्याकडे ज्याला कॉम्प्युटर येतो त्याला रेल्वेचं तिकीट, विजेचं बिल आणि पूर्वज या तिन्ही गोष्टी काढून द्याव्या लागतात.

सुरुवात सोपी वाटली. डी. जी. क्रॉफर्ड नावाच्या एका गृहस्थांनी 1930 साली एक जाडजूड ग्रंथ छापला. त्यात 1615 पासून 1930 पर्यंतच्या इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या अधिकाऱ्यांची यादी आहे. कोण कधी नेमला गेला, कुठल्या लढाईत होता, कधी मेला, सगळं ओळीने. त्यात आपला लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांसारखा मराठी माणूसही आहे. भारतीय औषधी वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ ज्यांनी बामनदास बसूंच्या जोडीने सिद्ध केला, तेच हे कीर्तिकर. पण दोन्ही पणजोबा त्यात नव्हते. मी ही बातमी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितली.

"ग्रंथ अपुरा आहे," काका म्हणाले.

"इंग्लिश लोक जेलस होता," आँटी म्हणाल्या.

ग्रंथ अपुरा नव्हता आणि क्रॉफर्डसाहेबाला मत्सर वाटायचं कारणही नव्हतं. त्याची यादी कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांची होती, आणि आमचे दोन्ही सर्जन-जनरल त्या यादीच्या एक मजला खाली राहत होते.

त्या काळच्या गोऱ्या पलटणीच्या हॉस्पिटलात वर सर्जन असे आणि खाली आजारी शिपाई असत. या दोघांच्या मध्ये जे काही काम असे ते सगळं अपॉथिकरीचं. औषधं कुटायची, मोजायची, मिसळायची आणि शिपायाचं नाक दाबून पाजायची. जखमा बांधायच्या. भांडाराच्या किल्ल्या कमरेला लावायच्या. कुणाला किती साबुदाणा आणि कुणाला किती ब्रँडी याची वही ठेवायची. आणि सर्जनसाहेब शिकारीला गेले की हॉस्पिटलही चालवायचं. एवढ्यावर त्याचा हुद्दा काय, तर वॉरंटचा. म्हणजे सार्जंटच्या वर आणि लेफ्टनंटच्या खाली. साहेबांच्या मेसमध्ये बसायला लहान आणि शिपायांच्या बराकीत बसायला मोठा. बहुधा म्हणूनच तो औषधाच्या खोलीत बसत असावा.

या खोलीत बहुतेक वेळा आँटींच्या समाजाचीच माणसं का भेटतात, याला एक इतिहास आहे. कंपनीच्या साहेबांनी इथे येऊन संसार थाटले, त्यांना मुलं झाली, तोवर सगळं ठीक चाललं होतं. मुलं नोकरी मागण्याएवढी मोठी झाल्यावर मात्र कंपनीला एकदम तत्त्वं आठवली. 1791 मध्ये हुकूम निघाला की हिंदुस्थानी आईच्या मुलाला कंपनीच्या मुलकी, लष्करी किंवा आरमारी सेवेत नेमायचं नाही. 1795 मध्ये आणखी स्पष्ट केलं की ज्याचे आई आणि बाप दोघेही युरोपियन नाहीत, त्याने सैन्यात यायचं तर बासरी वाजवायला, ढोल बडवायला, बँडमध्ये किंवा घोड्यांना नाल ठोकायला यावं. बाप कर्नल आणि मुलगा ढोलवाला, अशी ही घराण्याची परंपरा. औषधाच्या खोलीचं दार मात्र या पोरांना उघडं राहिलं, कारण तिथे कॉलऱ्याचे रोगी असत आणि त्या दारात गर्दी नव्हती. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा हॉस्पिटल अप्रेंटिस म्हणून लागायचा, मग असिस्टंट अपॉथिकरी व्हायचा, मग केस पांढरे झाल्यावर अपॉथिकरी.

हे मी आँटींना सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता बिस्किटं बंद होणार. पण त्या आत गेल्या आणि एक छोटी लाकडी पेटी घेऊन आल्या. आत पितळेचा इवलासा तराजू होता आणि बोटाच्या पेरावर मावतील अशी वजनं.

"घरी सगळे बोलायचे, ग्रेट-ग्रँडफादर डायमंड तोलायचा."

मी वजनं नीट पाहिली. हिरे मोजणाऱ्याला लागत नाहीत असे आकडे आणि खुणा त्यांवर होत्या. वीस ग्रेनचा एक स्क्रूपल, तीन स्क्रूपलचा एक ड्रॅम, आठ ड्रॅमचा एक औंस, असा हा औषधवाल्यांचा स्वतंत्र हिशेब. हिऱ्यांऐवजी या पारड्यात क्विनीन चढलं असणार, अफू चढली असणार आणि कॅलोमेल तर नक्कीच. कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचा क्षार. त्या काळात ताप असो, हगवण असो की कॉलरा, डॉक्टरांचा हात आधी कॅलोमेलकडे जायचा आणि विसाविसा ग्रेनच्या मात्रा बेधडक दिल्या जायच्या. रोग्याच्या तोंडाला लाळ सुटली, हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले, की औषध लागू पडलं असं समजत. पुष्कळ शिपाई अशा औषधातूनही वाचले, यावरून त्यांना गोळी घालून मारणं शत्रूला किती कठीण गेलं असेल याची कल्पना येते.

"म्हंजे तो सर्जन नव्हता?" आँटींनी विचारलं.

"नव्हता. पण सर्जन जे लिहायचा ते हा द्यायचा."

"आणि सर्जन चूक लिहिला तर?"

"तर पलटणीत ते ओळखणारा हाच एक होता."

आँटींनी तराजू पेटीत ठेवला आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

काकांच्या पणजोबांचा प्रश्न वेगळा होता. देशी पलटणींना अपॉथिकरी मिळत नसे. तिथे आधी 'नेटिव्ह डॉक्टर' आणि पुढे 'हॉस्पिटल असिस्टंट' असे. या माणसांना शिकवायला मुंबईत 1826 मध्येच एक वैद्यकशाळा निघाली होती. जॉन मॅक्लेनन हा सर्जन तिचा मुख्य. ती 1832 मध्ये बंद पडली. मग 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उभं राहिलं, पुढे त्यात देशी भाषांचे वर्ग निघाले, आणि 1878 मध्ये पुण्यात बैरामजी जीजीभॉय यांच्या नावाची वैद्यकशाळा सुरू झाली. काकांचे पणजोबा बहुधा अशाच एखाद्या वर्गात शिकले. त्यांनी शरीरातली हाडं मराठीतून पाठ केली असणार, या कल्पनेने काका फार खूश झाले. "बघ, त्या काळात मराठी माध्यम!" स्वतःच्या नातवंडांना त्यांनी कुठल्या शाळेत घातलं हा विषय मी काढला नाही.

आता हे सगळे सर्जन कसे झाले? त्यात घरच्यांचा दोष निम्माच आहे. निम्मा सरकारचा. 1850 च्या सुमाराला 'असिस्टंट सर्जन' म्हणजे विलायतेहून आलेला, कमिशन घेतलेला साहेब. 1894 मध्ये सरकारने लष्करातल्या सगळ्या अपॉथिकरींचं नाव बदलून 'असिस्टंट सर्जन' केलं. पगार आणि मान जिथे होता साधारण तिथेच ठेवला, पाटी तेवढी बदलली. मागाहून हॉस्पिटल असिस्टंटांचेही 'सब-असिस्टंट सर्जन' झाले. या पाट्यांतला 'असिस्टंट' पहिल्या पिढीत गळतो, 'सब' तर छापतानाच गळतो, आणि उरतो तो निखळ सर्जन. त्याच्या पुढे 'जनरल' लावायला एक हौशी आत्या पुरते.

हुद्दा ठरला, तरी माणूस सापडायचा होता. इथे आँटींची बाजू वरचढ होती. चर्चमध्ये जो बाप्तिस्मा, जे लग्न, जो दफनविधी होई, त्याची नक्कल इलाख्याच्या मुख्य ठाण्यावरून लंडनला रवाना होत असे. त्या सगळ्या वह्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बंगालच्या वेगळ्या, मद्रासच्या वेगळ्या, मुंबईच्या वेगळ्या. आँटींचे पणजोबा जन्मले कामठीला. कामठी नागपूरशेजारी, नागपूर महाराष्ट्रात, म्हणून मुंबईच्या वह्या धुंडाळून झाल्या आणि त्यांत त्यांचा मागमूस नव्हता. आँटी मग तिथल्या पाद्रीबाबांवर घसरल्या. वस्तुस्थिती अशी की कामठीच्या छावणीत वर्षानुवर्षं मद्रास इलाख्याचं सैन्य असे. विदर्भातल्या पोराचा बाप्तिस्मा मद्रासच्या वहीत आणि वही लंडनला. अनुशेषाच्या तक्रारी करणाऱ्या विदर्भवाद्यांना हा मुद्दा अजून कुणी पुरवलेला दिसत नाही.

मद्रासच्या वहीत ते निघाले. बापाच्या नावापुढे हुद्दा स्वच्छ अक्षरात: असिस्टंट अपॉथिकरी. म्हणजे मुलगाच नव्हे, बापही औषधाच्या खोलीतलाच. "डबल!" आँटी ओरडल्या. सर्जन-जनरल गमावल्याचं नुकसान दोन अपॉथिकरी मिळाल्यामुळे तिथल्या तिथे भरून आलं.

काकांचे पणजोबा मात्र बाप्तिस्म्याच्या वहीत सापडण्यासारखे नव्हते. त्यांची वही नाशिकला, तीर्थोपाध्यांकडे. काका रामकुंडावर गेले, उपाध्यांनी नामावळी उघडली आणि घराण्याच्या सात पिढ्या घडाघडा वाचून दाखवल्या. कोण कधी आलं, कुणाच्या अस्थी घेऊन आलं, बरोबर कोण होतं, कुणाच्या किती बायका, सगळं लिहिलेलं. नोकरीचा रकाना तेवढा नव्हता. नाशिकच्या वहीला तुमचं कूळ हवं असतं आणि लंडनच्या वहीला तुमचा हुद्दा. एका जागी दोन्ही सापडेल असा पूर्वज अजून जन्माला यायचा आहे.

मग राहिलं मुंबई सरकारचं गॅझेट. त्यातल्या बदल्यांच्या आणि परीक्षांच्या याद्या वाचायला घेतल्या, तर तिथे कुणालाच आडनाव नाही. स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव, संपलं. इंग्रज कारकुनाला तेवढं पुरत होतं. त्यामुळे गणेश रामचंद्र सापडतात, रामचंद्र गणेश सापडतात, बेळगावला एक, अहमदनगरला एक, डीसाला एक. यांतले आपले कोणते? काकांनी यावर बँकेतली युक्ती काढली. जो गणेश रामचंद्र बढतीच्या यादीत असेल तो आपला आणि जो दंडाच्या यादीत असेल तो परका. संशोधनाची ही पद्धत वाटते तितकी नवी नाही. अनेक कुलवृत्तांत याच पायावर उभे आहेत.

काकांच्या घरात आणखी एक गोष्ट चालत आली होती: पणजोबा मैवंदच्या लढाईत होते. 27 जुलै 1880 रोजी कंदाहारजवळच्या त्या मैदानात इंग्रजांच्या फौजेचा अफगाणांनी धुव्वा उडवला. जवळजवळ हजार माणसं पडली. मुंबई इलाख्याच्या ग्रेनेडिअर आणि जेकब्ज रायफल्स या पलटणी तिथे होत्या, तेव्हा त्यांचे हॉस्पिटल असिस्टंटही असणारच. मी त्या लढाईचे कागद शोधायला बसलो आणि भलतेच लोक सापडत गेले.

पहिला सापडला तो डॉक्टर वॉटसन. शेरलॉक होम्सचा मित्र. तो याच लढाईत जखमी झाला होता. तो मुळात जन्मलाच नाही, कॉनन डॉयलने 1887 मध्ये त्याला कागदावर जन्माला घातलं, तरी त्याची पलटण माहीत आहे, जखम माहीत आहे आणि लंडनमधला घर नंबरही जगाला पाठ आहे. दुसरा सापडला तो बॉबी. बॉबी म्हणजे 66 व्या पलटणीचा कुत्रा. तोही मैवंदला जखमी झाला, तरी जिवंत परतला. 1881 मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीने त्याला अफगाण युद्धाचं पदक दिलं. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडात एका घोडागाडीखाली सापडून मेला. आता तो पेंढा भरून सॉल्झबरीच्या संग्रहालयात उभा आहे, गळ्यात पदकासह. म्हणजे या लढाईतला एक डॉक्टर जो झालाच नाही त्याचा पत्ता मिळतो, एक कुत्रा जो गाडीखाली गेला त्याचं दर्शन मिळतं, आणि दोघांसारख्यांना पट्ट्या बांधणारा माणूस 'इतर कर्मचारी' या सदरात जमा होतो.

"कुत्र्याला पदक!" काका दोन दिवस जेवले नाहीत असं काकू सांगतात. पण साबुदाण्याची खिचडी त्या जेवणात धरत नाहीत.

त्यांची समजूत शेवटी आँटींनी घातली, आणि ती एका पोराच्या गोष्टीने. अँड्र्यू फिट्झगिबन हे त्याचं नाव. हुद्दा हॉस्पिटल अप्रेंटिस. या खात्यात त्याच्या खाली फक्त खलबत्ता असे. 21 ऑगस्ट 1860 रोजी चीनमध्ये ताकू किल्ल्यांवर हल्ला चालू असताना हा पोरगा 67 व्या पलटणीबरोबर होता. एक डोलीवाहक जखमी होऊन पडला. डोलीवाहक म्हणजे आपल्याकडचा भोई, जखमींना उचलून आणणारा. त्याला गोळी लागली तर त्याला उचलायला कोण? गोळ्यांचा मारा चालू असताना हा पोरगा आडोसा सोडून गेला आणि त्याची जखम बांधली. मग पलटण पुढे सरकत असताना उघड्या मैदानातून आणखी एका जखमीकडे धावला, तेव्हा स्वतः जबर जखमी झाला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय होतं पंधरा वर्षं तीन महिने. या वयात आमच्याकडची मुलं गुडघ्याला खरचटलं तर घरभर बर्फ मागत फिरतात.

"बघ," आँटी काकांना म्हणाल्या, "त्याला कोण सर्जन-जनरल नाय बोलत. गरजच नाय."

त्या दिवसापासून काका बदलले. आता ते कुणालाही बजावून सांगतात, "आमचे पणजोबा हॉस्पिटल असिस्टंट होते. सर्जन नव्हे. सर्जन फक्त सह्या करायचे." यात नम्रता आहे असं ऐकणाऱ्याला पहिली काही मिनिटं वाटतं. पुढे देशी पलटण म्हणजे काय, कॉलऱ्याची साथ आली की छावणी कशी हलवायची, सर्जन आजारी पडल्यावर त्याला क्विनीन कोण द्यायचं, हे सगळं ऐकून झालं की आपण उठून उभे राहिलो आहोत असं त्याच्या लक्षात येतं. आँटी मान डोलावतात, फक्त मधूनच सुधारणा करतात, "गोरा पलटनमध्ये अपॉथिकरी." दोघांचं एवढ्यावर एकमत आहे की इंग्रजांचं राज्य साहेबांनी घेतलं असेल, पण ते तापातून उठवून उभं ठेवलं ते यांच्या पणजोबांनी. ते बरं केलं की वाईट, यावर मात्र वाद होतो आणि तो होत असताना चहा तिसऱ्यांदा टाकावा लागतो.

खरी अडचण आली ती घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघाली तेव्हा. काकांनी पणजोबांची नोंद स्वतः लिहून दिली: "हॉस्पिटल असिस्टंट, तिसरा वर्ग, पुढे दुसरा वर्ग." समितीकडून निरोप आला की तिसरा वर्ग हे शब्द बरे दिसत नाहीत. जुन्या आवृत्तीत 'सर्जन-जनरल' आहे तेच राहू द्यावं, किंवा फार तर 'ज्येष्ठ लष्करी वैद्यकीय अधिकारी' असं करावं. काका स्वतः बैठकीला गेले. मला कॉम्प्युटरसकट नेलं.

अध्यक्षांनी अतिशय गोड आवाजात सांगितलं, "दादासाहेब, घराण्याच्या लौकिकाचा प्रश्न आहे. आमच्या शाखेचे मूळपुरुष संस्थानचे दिवाण होते. त्यांच्या शेजारच्या पानावर तिसऱ्या वर्गाचा असिस्टंट छापायचा म्हणजे..."

"दिवाण होते, हो ना?" काका म्हणाले. "आमच्या पणजोबांचा गॅझेटातला कागद याच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. तुमच्या दिवाणजींचा कागद कुठे आहे? नसेल तर हा शोधून देईल. याला येतं ते."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. कोषाध्यक्षांनी पाहिलं, त्यांच्याकडे एक सरदार होते. चिटणिसांनी पाहिलं, त्यांच्याकडे एक किल्लेदार आणि एक राजवैद्य होते. कोपऱ्यातल्या ज्या सभासदांच्या शाखेत पेशव्यांचे खास सल्लागार होऊन गेले होते, त्यांनी घड्याळात पाहिलं.

हॉस्पिटल असिस्टंट, तिसरा वर्ग, पुढे दुसरा वर्ग, ही नोंद एकमताने मंजूर झाली.